उभ्या गाडीची बॅटरी: विनिपेगचा प्लग, नागपूरचं पोर्च

विनिपेगमध्ये जानेवारीत पारा उणे ३०पर्यंत उतरतो. तेव्हा गाड्यांच्या पुढच्या जाळीतून विजेचा एक प्लग लोंबताना दिसतो. तो ब्लॉक हीटरचा. रात्री घराच्या सॉकेटला लावला की इंजिन कोमट राहतं. जी गाडी आठवडेच्या आठवडे हलत नाही, तिच्या बॅटरीला लोक छोटा ऑटोमॅटिक चार्जरही जोडून ठेवतात. कारण उतरलेली बॅटरी इथे गोठते. पूर्ण भरलेली असेल तर उणे ५०लाही टिकते. रिकामी असेल तर उणे १०च्या आसपासच तिचा बर्फ होतो आणि डबा तडकतो.

गाडीला घरची वीज जोडून ठेवायची, हे मी इथेच पहिल्यांदा पाहिलं. आता नागपुरात प्रतापनगरच्या आमच्या पोर्चमध्येही तीच सोय आहे, पण उलट्या कारणासाठी. आईबाबांची गाडी एखाद्या लग्नाला नाहीतर दवाखान्यासाठीच बाहेर निघते. थंडीत बॅटरी सुस्तावते, पण तिचं आयुष्य खरं खाते ती उष्णता. तापमान १० अंशांनी वाढलं की बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. आणि आपल्याकडे मेअखेरच्या नवतप्यात सावलीतही काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

त्यात बंद गाडीही वीज खातच असते. सेंट्रल लॉक, अलार्म, घड्याळ, ईसीयू (इंजिनचा संगणक) मिळून ३० ते ५० मिलिअँपिअर. ५० धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर (बॅटरीतला साठा याच मापात मोजतात). लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, म्हणजे महिनाभरात ती संपली. अशी उतरलेली बॅटरी पडून राहिली की शिशाच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग कितीही चार्ज केली तरी आधीची ताकद येत नाही.

“मी रोज पाच मिनिटं चालू ठेवतो ना,” असं बाबा फोनवर म्हणायचे. घरोघरी हेच चालतं, आणि ते थांबावं असं मला मनापासून वाटतं. शिशाची बॅटरी चार्ज सावकाश घेते; शेवटचा पाव हिस्सा भरायला तर कित्येक तास लागतात. पाच मिनिटांत तिच्यात नावापुरतं जातं. इंजिन मात्र नीट तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत जाऊन आलेलं बरं. पण सत्तरीतल्या माणसाला मे महिन्यात हे कसं सांगायचं?

म्हणून इलेक्ट्रिशियनकडून पोर्चमध्ये झाकणाचा सॉकेट आणि त्यामागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घेतला. बॅटरीच्या टर्मिनलांना लग (धातूच्या कड्या) लावून कायमची वायर जोडली. प्लसच्या अगदी जवळ फ्यूज हवाच. तिथे तडजोड नको. वायरीचं दुसरं टोक जाळीशी आणलं, त्यामुळे बॉनेट उघडावं लागत नाही. चार्जर नागपुरातूनच घेतला, कारण कॅनडात घरची वीज १२० व्होल्टची आणि आपली २३०ची. केवळ १२०साठी बनवलेला चार्जर आपल्याकडे जळेल. बॅटरी भरल्यावर स्वतः १३.५ व्होल्टच्या आसपास उतरणारा चार्जर हवा. तापमानानुसार व्होल्टेज कमी करणारा मिळाला तर नागपूरसाठी तोच घ्या. दुकानातला जुना मोठा चार्जर लावून विसरलात तर बॅटरीतलं पाणी उकळून जाईल.

बाबा आता दर रविवारी, चार्जर काढून रात्रभर गेल्यावर, मल्टिमीटरचा आकडा व्हॉट्सॲपवर पाठवतात. १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी.

पोर्चमध्ये वीज नेता येत नसेल तर गच्चीवर १० वॉटचं सोलर पॅनेल आणि बॅटरी जास्त चार्ज होऊ न देणारा चार्ज कंट्रोलर बसवा. चांगल्या उन्हात दिवसाला अडीच अँपिअर-अवर सहज मिळतात, म्हणजे गाडी खाते त्याच्या दुप्पट. गाडी सावलीतच राहू द्या, वायर खाली आणा. स्टार्ट-स्टॉपवाल्या, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या, गाडीत मायनस टर्मिनलवर बॅटरीवर नजर ठेवणारा सेन्सर असतो. तिथे काळी (मायनसची) वायर टर्मिनलला न लावता बॉडीच्या अर्थ पॉइंटला लावायची.

फ्लॅटच्या पार्किंगमध्ये यातलं काहीच जमत नसेल आणि महिनाभर गावाला जायचं असेल, तर बॅटरी आधी पूर्ण भरून घ्या, पान्याने मायनसचा नट सैल करा आणि ती वायर बाजूला करून ठेवा. घड्याळ पुन्हा लावावं लागेल, दार चावीने उघडावं लागेल, एवढंच.