टिचकीचं मौन

चातुर्मासात आजी मौन धरून जेवायची. पंचवटीतल्या आमच्या वाड्यात तेव्हा बाकीच्यांना कानांत प्राण आणून बसावं लागे. ताटाच्या कडेवर एक टिचकी म्हणजे मीठ, दोन म्हणजे ताक. भुवई वर गेली की भाकरी करपलेली. 'हुं' आणि 'हूंऽऽ' यांतला फरक फक्त आईला कळायचा. पुण्य आजीच्या खाती आणि धावपळ आईची, असं मी तेव्हा म्हणायचो. (आजी ऐकत नसताना.)

परवा भुरभुर पावसात पांडवलेणीवर, नाशिकजवळच्या बौद्ध लेण्यांत, गेलो होतो. हल्ली जातो अधूनमधून, अर्धा तास गप्प बसायला. दहा नंबरच्या लेण्याच्या ओसरीत टेकलो, डोळे मिटले, आणि सोसायटीतल्या टँकरच्या बिलावरून काल झालेलं भांडण मनातल्या मनात पुन्हा सुरू केलं. या वेळी मी जिंकत होतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात मौन हे वाणीच्या तपात धरलेलंच नाही, मनाच्या तपात धरलंय. ते उगाच नाही.

बऱ्याच वेळाने भांडण दमलं. वरच्या कातळावरून पागोळी पडत होती. दोन थेंबांच्या मधली जागा ऐकू येऊ लागली. खालच्या महामार्गावरचे ट्रक होतेच, पण ते आता माझे नव्हते. एवढंच. पाच मिनिटं असतील.

डोळे उघडले तर भिंतीवर ब्राह्मी अक्षरं. क्षत्रप राजा नहपान, त्याचा जावई उषवदात याचा लेख. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ३,००० कार्षापणं (तेव्हाची नाणी) कायमची ठेव ठेवली. त्यांतल्या २,००० वर दरमहा शेकडा १ व्याज, म्हणजे वर्षाला २४०. त्यातून इथे वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चिवरासाठी प्रत्येकी १२. हिशेब चोख. भिक्षूंनी पावसाळाभर इथे निवांत बसावं म्हणून तिकडे गोदेकाठी गोवर्धनात माग खडखडत होते. उषवदाताने निदान ते दगडावर लिहून तरी ठेवलं.

घरी आल्यावर आईला हे सगळं सांगितलं, टिचक्यांसकट. ती वालपापडीच्या शिरा काढत होती. मान वर न करता म्हणाली, "एक टिचकी म्हणजे मीठ नव्हे रे, लोणचं. मीठ मी आधीच वाढलेलं असायचं."