बेवड, वाफसा आणि नत्र

आमच्या आजोळी शेतीच्या बोलण्यात ‘बेवड’ हा शब्द वारंवार कानी पडे. आधीच्या पिकाचा जमिनीवर मागे उरलेला परिणाम म्हणजे बेवड. हरभऱ्याचा किंवा भुईमुगाचा बेवड पुढच्या पिकाला मानवतो, असे मामा सांगत. शाळेत नत्रचक्राची बाणांनी जोडलेली आकृती पाठ करताना या शब्दाचा तिच्याशी काही संबंध असेल, असे मला वाटले नव्हते. पुढे एका श्रावणात भुईमुगाचे रोप उपटून मुळावरची गाठ नखाने फोडली, तर ती आतून गुलाबी निघाली. तेव्हा त्या आकृतीकडे मी नव्याने वळलो.

हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असते, तरी नत्रावाचून पिवळ्या पडलेल्या ज्वारीला त्याचा उपयोग नाही, कारण नत्राच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना जखडलेले असतात. निसर्गात हा बंध थोड्या प्रमाणात आकाशातली वीज तोडते, पण मुख्य काम जिवाणूंचे आहे. शेंगवर्गीय पिके मुळांवरच्या गाठींच्या साहाय्याने हवेतील नत्र मिळवतात, हे १८८६ साली जर्मनीत हर्मान हेलरीगेल यांनी मांडले आणि १८८८ मध्ये नेदरलँड्समध्ये मार्टिनस बायरिंक यांनी गाठींतील जिवाणू वेगळे करून वाढवले.

गुलाबी रंगाची गोष्ट मला सर्वांत रंजक वाटते. नत्राचे अमोनियात रूपांतर करणारे नायट्रोजनेज हे विकर प्राणवायूच्या संपर्कात निकामी होते, आणि जिवाणूला श्वसनासाठी तर प्राणवायूच हवा असतो. हा पेच लेगहिमोग्लोबिन सोडवते. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनचे हे भावंड प्राणवायू धरून ठेवते आणि जिवाणूला बेताबेताने पुरवते. गाठ आतून गुलाबी असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर नाही. हे काम फुकट होत नाही, त्यासाठी पीक आपली साखर जिवाणूंना देते. म्हणून जमिनीत नत्र आयते मिळाले की झाड गाठी कमी धरते. भुईमुगाला युरियाचा मोठा हप्ता देणे म्हणजे घरचा गडी बसवून ठेवून बाहेरचा मजूर लावणे होय.

मामांच्या म्हणण्यात मात्र एक अट दडलेली होती. मिळवलेल्या नत्राचा मोठा भाग दाण्यांत जातो. दाणे बाजारात गेले आणि पालाही गुरांपुढे गेला, तर मुळांपलीकडे जमिनीला फारसे काही उरत नाही. तुरीचा बेवड चांगला मानतात, त्यात तिच्या पानगळीचा मोठा वाटा आहे.

गळलेला पाला कुजताना त्यातील नत्र अमोनियमच्या रूपात मोकळे होते. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि नायट्रोबॅक्टरसारखे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. या दोन्ही पायऱ्यांना हवा लागते. जमिनीत ओल आणि हवा यांचा मेळ बसलेल्या स्थितीला शेतकरी वाफसा म्हणतात, आणि या जिवाणूंनाही तोच मानवतो. झड लागून काळ्या रानात पाणी तुंबले की हवा कोंडते; मग दुसरे जिवाणू श्वसनासाठी नायट्रेटमधील प्राणवायू वापरतात आणि नत्र पुन्हा वायुरूप होऊन निघून जाते. त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइड या तापमान वाढवणाऱ्या वायूच्या रूपाने जातो. जे नायट्रेट उरते, तेही पाण्याबरोबर खाली झिरपते, कारण मातीचे कण ऋणभारित आणि नायट्रेटही ऋणभारित. धनभारित अमोनियमला मात्र चिकणमाती धरून ठेवते. कोकणातल्या भरल्या भातखाचरात नायट्रेटयुक्त खत टाकण्यात म्हणूनच अर्थ नसतो. तिथे अमोनियम देणारे खतच चिखलात खोल गाडलेले बरे.