एकच कॉकटील घ्यावा की जोडी? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

आमच्या बाल्कनीतून दिवसभर शिट्ट्या ऐकू येतात, त्यामुळे लिफ्टमध्ये, मुलीच्या क्लासबाहेर, नातेवाईकांच्या ग्रुपवर, कुठेही गेलं तरी मला एक प्रश्न हमखास येतो, की कॉकटील, म्हणजे तो तुरेवाला छोटा पोपटासारखा पक्षी, घ्यायचाय, तर एकच घेऊ का जोडी घेऊ? उभ्या उभ्या अर्धंमुर्धं उत्तर दिलं जातं आणि विषय तसा नाहीये, म्हणून एकदा नीट लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. तुमच्या घरी दिवसा कोणी असतं का, यावर सगळं आहे. असेल आणि त्या माणसाला पक्ष्याशी बोलायची, त्याला बाहेर काढायची हौस असेल, तर एक कॉकटील अगदी मजेत राहतो. पण सकाळी नऊला कुलूप लागतं आणि संध्याकाळी सातनंतरच उघडतं असं घर असेल तर दोन घ्या, आणि दोन झेपत नसतील तर सध्या एकही घेऊ नका. हे शेवटचं वाक्य लोकांना आवडत नाही पण मी ते मनापासून सांगते.

कारण हा पक्षी मुळात एकट्याने राहणारा नाहीच. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातला हा, काकाकुव्याच्या कुळातला सगळ्यात छोटा, जेमतेम 80 ते 100 ग्रॅमचा. तिकडे हे जोडीने किंवा थव्याने पाण्याच्या शोधात फिरत असतात, जमिनीवर उतरून गवताचं बी खातात, आणि खातानासुद्धा एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात असतात. एखादा दिसेनासा झाला की दुसरा हाक मारतो, तो उत्तर देतो, की झालं, सगळं ठीक. घरातला एकटा कॉकटील हीच हाक तुम्हाला मारतो. तुम्ही बाथरूममध्ये गेलात की जी कर्कश शिट्टी सुरू होते ना, ती मस्ती नाही, तो विचारतोय कुठे आहेस म्हणून. तुम्ही आतून नुसती शिट्टी दिलीत तरी गप्प बसतो. पण दिवसभर उत्तरच आलं नाही तर? काही पक्षी ओरडत राहतात, काही अगदी गप्प होतात, काही स्वतःची पिसं उपटायला लागतात, आणि ती सवय एकदा लागली की सुटता सुटत नाही. स्वित्झर्लंडमध्ये तर 2008 पासून नियमच आहे की असे कळपात राहणारे पक्षी एकटे ठेवायचे नाहीत. आपल्याकडे तसा नियम नाही, त्यामुळे विचार आपणच करायचा.

आता एकटा पक्षी कुठे चांगला राहतो तेही सांगते, नाहीतर वाटेल मी सरसकट सगळ्यांना दोन घ्यायला सांगतेय. आमच्याच बिल्डिंगमध्ये एक रिटायर्ड काका-काकू आहेत, त्यांच्याकडे एकच नर आहे. काका पेपर वाचतात तेव्हा हा खांद्यावर, काकू भाजी निवडतात तेव्हा हा ताटाच्या कडेवर बसून कोथिंबिरीच्या काड्या पळवणार, दुपारी तिघंही झोपतात. त्या पक्ष्याचा थवा म्हणजे ती दोघं. तो इतका खुशीत असतो की त्याच्यासाठी दुसरा आणायची मला काही गरज वाटत नाही, आणि काकूंनी विचारलं तेव्हा मी त्यांना तसंच सांगितलं.

एकटाच घेणार असाल तर शक्यतो नर घ्या असं माझं म्हणणं. नर शिट्ट्या शिकतो, एखाददुसरा शब्दही उचलतो, माणसाला बडबडून दाखवतो, मादी बहुतेक वेळा शांत असते. पण खरं कारण वेगळं आहे. मादी नराशिवायसुद्धा अंडी घालते. हे ऐकून बऱ्याच जणांना धक्का बसतो पण घरी कोंबड्या असलेल्यांना यात नवल वाटणार नाही. एकटी मादी घरातल्याच कुणाला जोडीदार मानते, सोफ्याच्या मागे नाहीतर कपाटाच्या उघड्या खणात अंधारी जागा शोधते आणि अंडी घालायला लागते. अंड्यांमागून अंडी घालत राहिली तर शरीरातलं कॅल्शियम संपतं, आणि मग अंडं अडकण्याची भीती असते. मादी फुगून पिंजऱ्याच्या तळाशी बसलीये, शेपटी श्वासाबरोबर वरखाली होतेय, जोर लावतेय पण काही होत नाहीये असं दिसलं तर उद्या बघू म्हणायचं नाही, त्याच तासाला डॉक्टर. मुंबईतल्यांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल माहीत असतं, बाकीच्यांनी पक्ष्यांचा अनुभव असलेला डॉक्टर जवळपास कोण आहे हे पक्षी घ्यायच्या आधीच शोधून ठेवा, कारण कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली मिळतात, पक्ष्यांचे नाही.

म्हणून मादी असली की कॅल्शियमसाठी चोचीने कुरतडायला समुद्रफेस पिंजऱ्यात कायम लावलेला हवा, काष्ठौषधीच्या दुकानात सहज मिळतो. शिवाय फक्त डोकं आणि मान खाजवायची, पाठीवरून हात फिरवायचा नाही, कारण त्या स्पर्शाचा अर्थ तिच्यासाठी वेगळा असतो. आणि रात्री दहा-बारा तास शांत अंधार.

यावरून दुकानदारांच्या जोडीकडे येते. पक्ष्यांच्या दुकानात गेलात की पहिलं वाक्य ऐकायला मिळतं, जोडीच घ्या, एकटा जगत नाही. एकटा जगतो. कसा जगतो हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर वर दिलंय. पण दुकानदाराच्या तोंडी जोडी म्हणजे नर-मादी, अडल्ट, ब्रीडिंग पेअर, सोबत अंडी घालायचा लाकडी बॉक्स फ्री. तो बॉक्स घरी आणून पिंजऱ्याला लावलात की तुम्ही ब्रीडर झालात, तुमची इच्छा असो वा नसो. एका वेळी चार ते सहा अंडी, साधारण तीन आठवड्यांत पिल्लं, आणि मग ती पिल्लं कुणाला देणार? सुरुवातीला भाऊ घेतो, ऑफिसमधली मैत्रीण घेते, पुढच्या खेपेला कुणी घेत नाही. तुम्हाला सोबत म्हणून दोन पक्षी हवे असतील तर बॉक्स लावू नका. इतकं साधं आहे ते. तरी अंडी घातलीच, तर ताज्या अंड्यांच्या जागी प्लास्टिकची खोटी अंडी ठेवा, किंवा तीच उकडून, गार करून परत ठेवा. लगेच काढून टाकलीत तर ती भरपाई म्हणून अजून घालते, त्यापेक्षा तीनेक आठवडे दोघांना बसू द्या, कंटाळून आपणच सोडतात. नरसुद्धा बसतो बरं का, बहुतेक करून दिवसा तो आणि रात्री ती. आमच्याकडे हे बघताना मला फार माया येते त्या दोघांची, अंडी खोटी आहेत हे माहीत असूनही.

आमचे दोघे म्हणजे बंटी आणि शेवंती. बंटी करड्या रंगाचा, गालावर केशरी ठिपका, आधी तो एकटाच होता, तेव्हा सासूबाई घरी असायच्या. त्या गावी राहायला गेल्या आणि दिवसाचं घर रिकामं झालं, तेव्हा मी दुसऱ्याचा विचार सुरू केला. शेवंती ल्युटिनो, पांढरी-पिवळी, बंगळुरूला शिफ्ट होणाऱ्या एका कुटुंबाकडून आली.

तिला आणल्या आणल्या त्याच्यासमोर ठेवली नाही. हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगते, नवीन पक्षी किमान 30 दिवस, 45 ठेवलात तर उत्तम, वेगळ्या खोलीत, वेगळा पिंजरा, वेगळी भांडी. दाणापाणी आधी जुन्याचं, मग नव्याचं, मग साबणाने हात धुवायचे. वरून ठणठणीत दिसणाऱ्या पक्ष्यातही आजार लपलेला असतो, काही तर माणसालाही होतात, सिटॅकोसिस त्यातलाच. जमलं तर या काळात शीची तपासणी करून घ्या.

तर शेवंती बेडरूममध्ये आणि बंटी हॉलमध्ये, मध्ये भिंत आणि बंद दार. पहिल्याच सकाळी तिने तिकडून एक बारीक हाक दिली. बंटी दाणे खात होता, तो थांबला, तुरा ताठ उभा, एक पाय तसाच उचललेला, आणि भिंतीकडे मान वळवून बसून राहिला. मग त्याने उत्तर दिलं. आम्हाला तो देतो ती शिट्टी नव्हती ती, लहान, मऊ, दोन सुरांची, मी त्याच्या तोंडून कधी ऐकलीच नव्हती. त्यानंतर दिवसभर भिंतीच्या आरपार दोघांचं चालू असायचं आणि मी ऑफिसमधून आल्यावर दारापर्यंत येणारा तो आरडाओरडा हळूहळू कमी झाला.

पुढे पिंजरे शेजारी शेजारी ठेवले, मग बाहेर एकत्र सोडायचं, मग कितीतरी दिवसांनी एकदा बंटीने मान खाली घालून, डोक्यावरची पिसं फुलवून डोकं तिच्यापुढे धरलं. आमच्यापुढे धरतो अगदी तसंच. तिने दोनदा दुर्लक्ष केलं, तिसऱ्यांदा चोचीच्या टोकाने त्याच्या तुऱ्याच्या मुळाशी एक एक पीस विंचरायला सुरुवात केली. त्या जागी पक्ष्याची स्वतःची चोच पोहोचतच नाही. नवीन पिसं फुटतात तेव्हा तिथे खाज येते, आणि ती काढायला दुसरं कोणी लागतं, तुम्ही नाहीतर दुसरा पक्षी.

मग लोक विचारतात, जोडी केली की माणसाला विसरतात ना? यात थोडं तथ्य आहे. दोन पिल्लं एकदम आणून एका पिंजऱ्यात टाकलीत आणि वरून नुसता दाणा घातलात तर ती एकमेकांचीच होणार, तुमच्या हातावर येणार नाहीत. पण आधी एक आणा, तो हाताळायला लागला, तुमच्याशी मैत्री झाली, की मग दुसरा. आणि दोघं असतानाही रोज प्रत्येकाला थोडा वेळ वेगळं बाहेर काढा. बंटी आजही माझ्या खांद्यावर येतो, फक्त आता शेवंतीला हाक मारून सांगून येतो. मला ते जास्त आवडतं खरं तर.

पण दुसरा पक्षी म्हणजे पहिल्याच्या एकटेपणावरचं हमखास औषध असं धरून चालू नका. कधी कधी दोघांचं पटतच नाही. एक दुसऱ्याला दाण्याजवळ येऊ देत नाही, पायाला चावतो, दांडीवरून हाकलतो. म्हणून दुसरा पिंजरा घेण्याची आणि ठेवण्याची तयारी असेल तरच दुसरा पक्षी. पिंजरा एकट्यासाठीही निदान 20 बाय 20 इंच आणि 24 इंच उंच तरी हवा, दोघांसाठी त्याहून बराच लांब, कारण हे आडवे उडतात, उंच अरुंद पिंजरा दिसायला छान पण उपयोगाचा नाही. भुकटी दुप्पट पडते, यांच्या पिसांतून पांढरी पावडर झडते, घरात कुणाला दमा असेल तर एकाचाही विचार दहादा करा. फटाक्यांच्या रात्री एक घाबरून फडफडला की दुसराही फडफडतो, आम्ही दिवाळीत खिडक्या बंद करून छोटा नाईट लॅम्प चालूच ठेवतो. आणि सीलिंग फॅन. दोन पक्षी बाहेर असले की एक नजरेतून सुटतो, त्यामुळे पिंजऱ्याचं दार उघडायच्या आधी फॅन बंद, आमच्याकडे त्या बटणावर चिकटपट्टी लावलेली असते.

अंड्यांची कटकट नकोच असेल तर दोन नर ठेवा. माझ्या नणंदेकडे दोन नर आहेत, एक करडा आणि एक पाईड, म्हणजे अंगावर फिकट रंगाचे चट्टे असलेला, झकास जमतं त्यांचं, दोघं मिळून कुकरच्या शिट्टीची नक्कल करतात. फक्त लहान पिल्लात नर-मादी ओळखणं अवघड असतं, पर्ल, म्हणजे अंगभर ठिपके असलेल्या रंगात तर नराचेही ठिपके पहिल्या पिसझडीनंतरच जायला लागतात, त्यामुळे पिसावरून डीएनए टेस्ट करून घ्या, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. आणि पिल्लू स्वतः दाणे खाणारंच घ्या. सिरिंजवरचं पिल्लू जास्त माणसाळतं असं सांगून देतात, पण घरी भरवताना फीड जास्त गरम झालं तर त्याची गळ्याची पिशवी भाजते आणि ते दगावूही शकतं.

आणि एक गोष्ट कुणी विचारत नाही म्हणून मीच काढते. हे पक्षी नीट ठेवले तर 15-20 वर्षं जगतात. मुलगी सातवीत असताना हट्टाने घेतलात तर तिचं लग्न होईपर्यंत तो तुमच्याकडे असेल. दोन असतील तर कधीतरी एक मागे राहणार, आणि त्या वेळी त्याला किती वेळ द्यायचा, की त्याच्यासाठी पुन्हा सोबत आणायची, हा प्रश्न येणारच आहे. मी ठरवलंय की बंटी-शेवंतीतलं जे मागे राहील त्याच्याबरोबर मी जमेल तितकं घरून काम करेन आणि तरीही तो गप्पच राहिला तर एखादा वयस्क, कुणीतरी सोडून दिलेला पक्षी आणेन, पिल्लू नाही.

गेल्या आठवड्यात पाचव्या मजल्यावरच्या दोघांनी विचारलं, दोघंही आयटीत, घरी तिसरं कोणी नाही, वर्षभरात कधीतरी ऑनसाईट जायची शक्यता. त्यांना मी सांगितलं, जाऊन या, परत आल्यावर दोन नर घ्या, एकामागून एक, आणि तोवर बंटी-शेवंतीला भेटायला रविवारी वर या, येताना मक्याचं कोवळं कणीस आणा.