कॅम्पर व्हॅनमधील डिझेल हीटर: धुराच्या पाइपाची जोडणी

ब्रिटनच्या हिवाळ्यात कॅम्पर व्हॅनमध्ये मुक्काम करायचा असेल, तर डिझेल हीटरइतकी भरवशाची सोय दुसरी नाही. गॅसची शेगडी पेटवून गाडी गरम करणे धोक्याचे असते आणि तिच्या बाष्पाने पत्र्याला आतून पाणी सुटते. डिझेल हीटर मात्र टाकीतले इंधन थोडे थोडे घेत रात्रभर कोरडी ऊब देतो. आमच्या गाडीत पुण्याहून आलेले आई-बाबाही झोपतात, त्यामुळे हा हीटर बसवताना मी सर्वाधिक वेळ त्याच्या धुराच्या पाइपाला दिला. हल्ली स्वस्तातले चिनी संच घेऊन अनेक मराठी मित्र हे काम घरच्या अंगणात करू लागले आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

या हीटरमध्ये हवेचे दोन स्वतंत्र मार्ग असतात. एका मार्गाने गाडीतील हवा पंख्याने खेचली जाते, तापलेल्या धातूवरून फिरते आणि पुन्हा गाडीत सोडली जाते. दुसऱ्या मार्गाने ज्वलनासाठी लागणारी हवा गाडीच्या तळाखालून आत येते आणि जळल्यावर धूर होऊन तळाखालीच बाहेर पडते. हे दोन मार्ग कुठेही एकत्र येत नाहीत, यावरच सगळी सुरक्षितता उभी आहे. धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असू शकतो, त्याला रंग नसतो, वास नसतो आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट बांधला जातो. डोके दुखणे आणि मळमळणे ही त्याची पहिली लक्षणे झोपलेल्या माणसाला जाणवतीलच असे नाही. डिझेलच्या वासावरून गळती कळेल, हा समज म्हणूनच सोडून द्यावा.

माझा आग्रह एकाच नियमाचा आहे: धुराच्या पाइपाचा एकही सांधा गाडीच्या तळाच्या वर असता कामा नये. हीटर आसनाखाली बसवला, की त्याच्या खालच्या बाजूची धुराची नळी पत्र्यातील भोकातून खाली उतरते आणि तिला पोलादी लवचीक पाइप क्लॅम्पने (आवळपट्टीने) जोडला जातो. लहान हीटरला हा पाइप बहुधा २४ मिलिमीटर व्यासाचा असतो. अडचण अशी, की कॅम्पर व्हॅनमध्ये पत्र्यावर उष्णतारोधक थर आणि त्यावर प्लायवूड घातलेले असते, आणि हीटर थेट प्लायवर ठेवला तर सांधा त्या जाडीतच अडकतो, तापलेला पाइप लाकडाला टेकतो आणि क्लॅम्प पुन्हा कधी आवळताही येत नाही. त्यासाठी प्लाय आणि त्याखालचा थर हीटरच्या आकाराहून थोडा मोठा कापून काढावा, पत्र्यावर पोलादी बैठक बसवावी आणि तिच्या व हीटरच्या मध्ये गॅस्केट (फट बंद करणारी चकती) घालावे. बैठक अगदी सपाट हवी, कारण ती वाकडी असेल तर हीटरचे आवरण पिळवटते, आतला पंखा घासतो आणि गॅस्केटही नीट बसत नाही. भोकाची कड कानशीने घासून तिला गंजरोधक रंग लावणे हे काम छोटे असले, तरी हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या या देशात ते टाळू नये.

चिनी संचांतील सायलेन्सरबद्दल विशेष सावध राहावे लागते. त्यांतील अनेकांच्या पत्र्याच्या कडा नुसत्या दुमडून ठिपक्या-ठिपक्यांनी जोडलेल्या असतात, त्यामुळे ते वायुरोधक नसतात, आणि तळाखाली मोकळ्या हवेत टांगणे हीच त्यांची एकमेव योग्य जागा आहे. संचातले पातळ क्लॅम्प मी वापरले नाहीत. स्टेनलेस स्टीलचे भक्कम क्लॅम्प आणि सायलेन्सरच्या सांध्यांसाठी मिळणारी उष्णतारोधक लुकण घेतली.

पाइपाला बाहेरच्या टोकाकडे सतत उतार हवा. धुरातील बाष्प थंड पाइपात पाणी होऊन साचते, ते गोठले तर धुराची वाट बुजते आणि हीटर पेटत नाही. मध्ये कुठे खोलगट भाग टाळताच येत नसेल, तर त्याच्या तळाशी सुमारे ५ मिलिमीटरचे छिद्र पाडावे. पाइप कित्येक शे अंशांपर्यंत तापतो, म्हणून तो इंधनाची नळी, ब्रेकचे होज, विजेच्या तारा आणि प्लास्टिकची टाकी यांपासून दूर न्यावा आणि कंसांनी (ब्रॅकेटनी) घट्ट बांधावा.

टोक कुठे सोडायचे, याला मी सर्वाधिक महत्त्व देतो. ते गाडीच्या कडेपर्यंत पोहोचलेले असावे, अर्ध्यावर तळाखाली सुटू नये, कारण वारा नसलेल्या रात्री धूर तिथेच घुटमळतो आणि तळातील प्रत्येक फटीतून वर शिरतो. तोंड प्रवासाच्या दिशेला नसावे, चाकाचा चिखल किंवा बर्फ त्यावर उडू नये, आणि ज्वलनाची हवा घेणारी नळी त्यापासून दूर, शक्यतो दुसऱ्या बाजूला असावी. इथल्या बहुतेक गाड्यांचा सरकता दरवाजा डाव्या बाजूला असतो आणि तंबूही तिकडेच जोडला जातो, म्हणून मी टोक उजवीकडे काढले. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतील १२२ क्रमांकाचा नियमही हेच मागतो: धूर खिडकी, झडप किंवा हवेच्या वाटेने पुन्हा आत येता कामा नये.

कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे उपकरण घेताना त्यावर ईएन ५०२९१-२ हे युरोपीय मानक लिहिलेले पाहावे. त्यातला दुसरा भाग निवासी वाहने आणि बोटींसाठी आहे. घरगुती उपकरणांवर पहिला भाग असतो. ५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) पातळीला ते ६० ते ९० मिनिटांत वाजते आणि ३०० पीपीएमला ३ मिनिटांच्या आत. ते झोपण्याच्या जागेजवळ बसवावे, पण पलंगाच्या कोपऱ्यात किंवा पडद्यामागे नको.

लडाख किंवा स्पितीसाठी गाडी तयार करणाऱ्यांनी एक गोष्ट आणखी पाहावी. उंचीवर हवा विरळ होते, त्याच प्रमाणात इंधन कमी केले नाही तर ज्वलन अपुरे राहते, काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही वाढतात. म्हणून उंचीनुसार इंधन जुळवून घेणाराच हीटर निवडावा.

पहिल्या काही वापरांनंतर मी गाडीखाली जाऊन प्रत्येक सांध्याभोवती टॉर्च फिरवतो, कारण गळती असेल तिथे काळा डाग उमटतो. दर शरद ऋतूत, थंडी सुरू होण्याआधी, क्लॅम्प पुन्हा आवळतो, पाण्याचे छिद्र तारेने मोकळे करतो आणि पाइप गंजून पातळ झाला असेल तर तो पूर्ण बदलतो.