दोनशे मास्क, नगाला अकरा रुपये: जीवन शक्ती योजनेचं काम करताना

एप्रिल २०२० मध्ये इंदूरला घराबाहेर पाऊल टाकायचं तर तोंड-नाक झाकणं सक्तीचं झालं, आणि नेमका तेव्हाच सगळा बाजार बंद होता. जिल्हाधिकाऱ्यांचे हुकूम कलम १४४ खाली निघत, मोडणाऱ्याला कलम १८८ लागे. १५ एप्रिलला केंद्रीय गृह मंत्रालयाने हाच नियम सगळ्या देशाच्या सार्वजनिक जागांना लावला. नियम आला, पण मेडिकलवर मास्क मिळेना, आणि मिळालाच तर रोज एक फेकायला घरकाम करणाऱ्या बाईला किंवा हम्मालाला परवडेना. त्यावर मध्य प्रदेश सरकारने २५ एप्रिलला जीवन शक्ती योजना सुरू केली. शहरातल्या बायकांनी घरी सुती मास्क शिवायचे, एका वेळी किमान २०० नगांची ऑर्डर, नगाला ११ रुपये, पैसे थेट खात्यात. लोकमान्य नगर आणि सुदामा नगरच्या आम्ही काही जणींनी हे काम घेतलं. मापं कशी धरायची, पैसा कुठे मुरतो, माल कशामुळे परत येतो, ते इथे नीट लिहून ठेवते.

नोंदणीत नाव, पत्ता, मोबाइल, खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड एवढंच द्यायचं असे, पण अडायचं तिथेच. आपल्या मराठी बायकांच्या नावात नवऱ्याचं नाव मधे येतं, इकडच्या कागदांवर ते कधी असतं, कधी गाळलेलं असतं. बँकेच्या पासबुकात ‘सुनीता प्रकाश’ आणि आधारवर नुसतंच ‘सुनीता’ असेल तर नोंदणी पासबुकाप्रमाणे करावी, कारण पैसे खात्यात जमा व्हायचे असतात. दुसरं म्हणजे खातं चालू आहे ना ते आधी बघावं. दोन वर्षांहून जास्त काळ व्यवहार नसलेलं खातं बँक निष्क्रिय करते, मग केवायसीचे कागद दिल्याशिवाय ते उघडत नाही, आणि कर्फ्यूत बँकेत जाणं सोपं नव्हतं. मोबाइल नंबर स्वतःच्याच हातातल्या फोनचा द्यावा. मुलाचा नंबर दिला की ऑर्डरचा निरोप त्याच्याकडे पडून राहतो.

आता कापड. एम. टी. क्लॉथ मार्केट बंद असेपर्यंत घरातल्या चादरी आणि जुन्या सुती साड्याच वापरायच्या होत्या. शुद्ध सुती आहे की नाही हे ओळखायला कडेचे चार धागे काढून काडी लावावी. सूत कागदासारखं जळतं आणि बोटांत चुरडलं की राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. अस्तराचं म्हणून मिळणारं बरंचसं कापड या परीक्षेत नापास होतं. मग विणीची परीक्षा. कापडाची दुहेरी घडी ट्यूबलाइटसमोर धरायची. नळीची कड स्पष्ट दिसली तर वीण विरळ, ते कापड सोडून द्यावं. मलमल आणि वॉइल इथेच बाद होतात, पॉपलीन आणि केंब्रिक टिकतात. मांजरपाट चालतो, पण त्याची खळ दोन धुण्यांशिवाय निघत नाही आणि तोवर श्वास जड जातो. नेसून विरलेल्या साडीचे काठाजवळचे भाग घ्यावेत, मधला भाग घेऊ नये.

केंद्राच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने घरगुती मास्कची एक पुस्तिका काढली होती. तीत कापड आधी मिठाच्या पाण्यात ५ मिनिटं उकळायला सांगितलं आहे. हे कापण्याआधीच करायचं. नवं सुती कापड पहिल्या उकळीत शंभराला पाचपर्यंत आटतं. शिवल्यावर उकळलं तर गोट, म्हणजे कडेला बसवलेली पट्टी, एका मापाने आणि अंग दुसऱ्या मापाने आटतं, आणि मास्क कडेला गोळा होतो.

माप आम्ही असं धरलं: मोठ्या माणसासाठी ८ इंच रुंद आणि साडेचौदा इंच लांब तुकडा. सुलट बाजू आत ठेवून लांबीत घडी घालायची, खालच्या कडेला पाव इंचावर टीप, मग उलटवायचं. दोन पदरी ७ इंची नळी तयार होते आणि वर सांधा न येता नुसती घडी येते, ती नाकावर टोचत नाही. ३६ इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) कापडात आडवे ४ तुकडे बसतात आणि कडेला ४ इंचांची पट्टी उरते. म्हणजे २०० मास्कांना ५० ओळी, ७२५ इंच, साधारण साडेअठरा मीटर. आटणं आणि गोटाच्या पट्ट्या धरून २१ मीटर घ्यावं. चादर असेल तर ६० बाय ९० इंचांच्या एकेरी चादरीत ४२ मास्क निघतात.

खरा खर्च नाड्यांत आहे, आणि तो आधी कुणाच्या लक्षात येत नाही. इलॅस्टिक लावलं तर कानाला ७ इंच, एका मास्कला १४, म्हणजे दोनशेला ७० मीटरच्या वर. त्या दिवसांत ते मिळत नव्हतं. कापडी नाडी करायची तर दोन्ही बाजूंना दीड इंच रुंद आणि ४० इंच लांब पट्टी लागते. तीच कडेला गोट म्हणून बसते आणि वरखाली १८-१८ इंच नाडी होते. अशा ४०० पट्ट्यांना, कडेची उरलेली पट्टी वापरूनही, आणखी सुमारे १६ मीटर कापड जातं. मास्काच्या अंगाला लागतं जवळजवळ तेवढंच नाड्यांना! कापड ४० रुपये मीटर धरलं तर नाड्यांचे २०० मास्क १,४८० रुपयांचं कापड खातात. हाती येणार २,२००. दोऱ्याची रिळं, सुया आणि वीज त्यातूनच. म्हणून तयार सुती नाडीचा बिंडा मिळाला तर तो घ्यावा आणि गोटापुरत्याच दीड बाय साडेचारच्या पट्ट्या कापाव्यात.

तरीही मी नाडीचाच आग्रह धरीन. इलॅस्टिक एका मापाचं असतं, माणसं नसतात. मोठ्या चेहऱ्यावर ते कान ओढतं, लहानावर मास्क लोंबतो. उकळत्या पाण्यात पंधरवडाभर धुतलं की ते सैल पडतं आणि मग मास्क नाकाखाली घसरतो. चौकात उभ्या असलेल्या निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, माणसाला दिसायचं ते हेच: मास्क आहे, पण हनुवटीवर. अशा माणसालाही दंड होई, आणि त्याच्या दृष्टीने त्याने नियम पाळलेला असे. दंड किती आहे यापेक्षा मास्क बोलताना जागेवर राहतो की नाही, यावर नियम पाळला जाणं जास्त अवलंबून आहे, असं माझं पक्कं मत झालं. म्हणूनच नाकावरची तार आणि प्लेट, म्हणजे कापडाची आडवी चुणी, या दोन गोष्टींत मी कुणालाही सूट देत नाही.

प्लेटसाठी पुठ्ठ्याचा साचा करावा. ७ इंची कडेवर वरून दीड, अडीच, तीन, चार, साडेचार आणि साडेपाच इंचावर खाचा पाडायच्या. दीडची रेघ अडीचवर, तीनची चारवर, साडेचारची साडेपाचवर आणून बसवायची. प्रत्येक प्लेट १ इंच खाते, ७ चे ४ इंच उरतात. दुमड नेहमी वरून खाली आली पाहिजे, म्हणजे बाहेरून प्लेटचं तोंड जमिनीकडे राहतं. उलट बसली तर प्लेटी झोळीसारख्या उघड्या राहून धूळ धरतात. दोन्ही कडांना प्लेट एकाच उंचीवर नसेल तर मास्क तोंडावर तिरका बसतो, आणि तो इस्त्रीनेही सरळ होत नाही. साच्याविना, नजरेने घातलेल्या प्लेटींचे मास्कच सगळ्यात जास्त उसवावे लागतात.

तार चार इंची, ॲल्युमिनियमची. लोखंडी तार दुसऱ्या-तिसऱ्या उकळीत गंजते आणि पांढऱ्या कापडावर नाकाशी तांबूस डाग उमटतो. असा मास्क कुणीच घालत नाही. तारेची दोन्ही टोकं पक्कडीने वळवून बारीक कडी करावी, नाहीतर कापडातून बाहेर येऊन गाल ओरखडतात. वरच्या घडीच्या आत तार सरकवायची, खाली पाव इंचावर टीप मारायची आणि तारेच्या दोन टोकांपाशी आडवी टीप देऊन ती बंद करायची. हे गोट लावायच्या आधी.

गोट लावताना सुई मोडते. कारण सोपं आहे: दोन पदरी कापडाच्या प्लेटीत ६ पदर येतात, वर गोटाच्या पट्टीचे ४, असे १० पदर सुईखाली जातात. १४ नंबरची सुई लावावी, टाका जरा मोठा ठेवावा आणि प्लेटीवर आल्यावर पायडल किंवा मोटर सोडून हातचाकाने तीन-चार टाके घ्यावेत. सुई मोडलीच तर तिचे दोन्ही तुकडे सापडेपर्यंत तो मास्क बाजूला ठेवावा. मोडलेलं टोक मास्कात राहिलं तर सगळा गठ्ठा परत येऊ शकतो, आणि यायलाच हवा. ते कुणाच्यातरी तोंडावर जायचं असतं.

काम वाटून घेतल्यावर वेग येतो, पण वाटणी मापावर करावी. एकीने सगळं कापायचं, कारण दोन कात्र्यांची मापं जुळत नाहीत. कापणाऱ्या काकूंनी पहिला तुकडा पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवला होता, आणि दुसऱ्या तुकड्यावरून तिसरा कापायला त्यांची सक्त मनाई होती. तुकड्यावरून तुकडा कापत गेलं की दर वेळी सूतभर वाढतं आणि शेवटाला मास्क अर्धा इंच मोठा होतो.

जमा करण्याआधी दोऱ्याची शेपटं कापायची, प्रत्येक नाडी हिसका देऊन बघायची आणि मास्क ओठांपुढे धरून पेटत्या मेणबत्तीवर फुंकर घालायची. वीतभर अंतरावरची ज्योत सहज विझली तर कापड पातळ. सगळे मास्क धुऊन, कडक उन्हात वाळवून, इस्त्री करून दहा-दहाचे गठ्ठे बांधावेत. २० गठ्ठे मोजायला सोपे जातात. प्रत्येक गठ्ठ्यावर नाव आणि नोंदणीचा मोबाइल नंबर असलेली चिठ्ठी हवी. निगमने सांगितलेल्या जागी माल दिला की नगसंख्या, तारीख आणि सही असलेली पोच घ्यावी आणि तिथेच फोटो काढावा. पैशांची विचारणा करायची वेळ आली तर ती पोचच कामाला येते. गठ्ठ्यात १८२ चांगले आणि १८ सदोष निघाले तर पैसे १८२ चे, म्हणून आपणच दहाएक मास्क जास्तीचे शिवून न्यावेत.

जूनच्या ५ तारखेला जागतिक आरोग्य संघटनेने कापडी मास्कला तीन थर सुचवले: आत सुती, मध्ये न विणलेलं पॉलिप्रॉपिलीन, बाहेर पॉलिएस्टरसारखं पाणी न शोषणारं कापड. ही मधली पट्टी म्हणजे लग्नसराईत ज्याच्या पिशव्या मिळतात तेच कापड. त्यासाठी नळीच्या एका कडेने आत जाणारा खिसा ठेवावा आणि पट्टी काढून मास्क धुवावा. नुसता तिसरा सुती थर घातला तर दोनशेला आणखी ९ मीटर लागतं आणि प्लेटीत १३ पदर होतात, तिथे घरगुती मशीन अडखळतं. पुढे २० जुलैला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी राज्यांना झडपवाल्या एन-९५ मास्काविरुद्ध पत्र लिहिलं. झडपेतून बाहेर जाणारा श्वास गाळला जात नाही. महागडा झडपवाला मास्क समोरच्याला जपतोच असं नाही, हे दुकानदारांना समजावून सांगायला ते पत्र फार उपयोगी पडलं.

रोको-टोको मोहिमेत विनामास्क माणसाला थांबवून २० रुपयांत मास्क दिला जाई. त्यानंतर किराणावाले आणि पीठगिरणीवाले स्वतः नोकरांसाठी मागू लागले. तिथे प्रत्येकी दोन हवेत, एक तोंडावर, एक दोरीवर, कारण पिठाने आणि घामाने भिजलेला मास्क दुपारीच बदलावा लागतो. मुलांसाठी ७ इंच रुंदी आणि साडेतेरा इंच लांबी पुरते. फक्त प्लेटी दोन्ही कडांना समान सरकवून घ्याव्यात, आणि दोन वर्षांच्या आतल्या मुलाला मास्क बांधू नये, गुदमरण्याचा धोका असतो. चष्मेवाल्यांसाठी तार चारऐवजी पाच इंचांची घालावी आणि चष्मा मास्काच्या वरच्या कडेवर बसवावा. खाली बसवला तर वाफ थेट काचेवर जाते आणि माणूस पहिल्या पावलालाच मास्क खाली ओढतो.