मागे उभा केलेला येशू

पंधराव्या शतकातील इटालियन चित्रकार पिएरो देल्ला फ्रान्चेस्का याचे ‘येशूला फटके’ हे चित्र इटलीतील उर्बिनो येथे, तिथल्या ड्यूकच्या जुन्या राजवाड्यातील संग्रहालयात आहे. साधारणपणे १४५५ ते १४६५ या काळात लाकडी फळीवर रंगवलेल्या या चित्राची उंची ५८.४ आणि रुंदी ८१.५ सेंटिमीटर आहे. म्हणजे उलगडलेल्या वर्तमानपत्राहून ते थोडेसेच मोठे. मी ते प्रथम छापील स्वरूपात पाहिले, तेव्हा उजवीकडे पुढे उभ्या असलेल्या तीन माणसांचेच हे चित्र असावे, असा माझा समज झाला होता. ज्याच्यावरून चित्राला नाव मिळाले, तो येशू डाव्या अर्ध्या भागात, खांबांच्या दालनात पार आत, लहानसा दिसतो.

मुख्य प्रसंग मागे आणि लहान ठेवायचा, आणि तरीही नजर तिथेच न्यायची, ही या रचनेतील अवघड गोष्ट आहे. यथार्थदर्शनावर, म्हणजे सपाट पृष्ठावर खोली दाखवण्याच्या पद्धतीवर, पुढे स्वतंत्र ग्रंथ लिहिणाऱ्या पिएरोची गणितात गती होती, त्यामुळे त्याने हे काम आधी फरशीकडून करून घेतले. बाहेरच्या अंगणात विटकरी फरशी आणि तिच्यातून मागे धावणाऱ्या पांढऱ्या पट्ट्या आहेत, तर आतल्या दालनात पांढऱ्या आणि गडद दगडांची भौमितिक नक्षी. ही नक्षी इतकी काटेकोर आहे की १९५३ मध्ये रुडॉल्फ विटकोवर आणि बी. ए. आर. कार्टर या अभ्यासकांनी चित्रावरून मागे जात या इमारतीचा जमिनीवरचा आराखडाच मांडून दाखवला. येशू ज्या चौकात उभा आहे, तिथे फरशीत वर्तुळ आहे. आपल्या डोळ्यांना ते इतके चपटे दिसते की मुद्दाम शोधावे लागते.

माझ्याकडच्या प्रतीवर पट्टी ठेवून मी छताच्या आणि फरशीच्या रेषा पेन्सिलीने पुढे वाढवून पाहिल्या. लिओनार्दोच्या ‘शेवटच्या भोजना’त अशा रेषा येशूच्या डोक्यापाशी मिळतात. इथे त्या येशूवर येत नाहीत; मागच्या भिंतीवर, फटके मारणाऱ्याच्या जवळ, बऱ्याच खाली त्या एकत्र येतात. क्षितिजरेषा माणसांच्या कमरेच्या आसपास असल्यामुळे पुढच्या आणि मागच्या माणसांच्या कमरा जवळजवळ एकाच पातळीवर राहतात. मागे जावे तशी पावले वर सरकतात आणि डोकी खाली येतात. परिणामी पुढचे तिघे बुरुजासारखे उंच वाटतात आणि आतली माणसे लहान असूनही दुबळी वाटत नाहीत.

आणि मग प्रकाश. अंगणातील तिघांवर तो डावीकडून पडतो, तर दालनात उजवीकडून. येशूच्या वरचा छताचा एकच चौक शेजारच्या चौकांपेक्षा लख्ख उजळलेला आहे. दिवा किंवा खिडकी कुठेच दिसत नाही. मला विचाराल तर चित्रातील एकमेव चमत्कार हाच आहे, आणि तो छताला टेकवून ठेवल्यामुळे सहज निसटतो.

पुढचे तिघे कोण, यावर आजवर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. मला त्या वादात फारसा रस नाही. त्यांच्यापैकी मधल्या तरुणाकडे मात्र मी पुन्हा पुन्हा वळतो. तो अनवाणी आहे, अंगात साधा लाल झगा आहे. त्याच्या एका बाजूला दाढीवाला टोपी घातलेला गृहस्थ, दुसऱ्या बाजूला निळ्या-सोनेरी किनखापातील माणूस. या भरजरी वस्त्रांच्या मधोमध तो एका पायावर भार देऊन ज्या ढबीने उभा आहे, तीच ढब आत खांबाला बांधलेल्या येशूची आहे. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याकडे पाहत नाही. मधे पांढरा खांब चित्राला सरळ चिरत खाली येतो आणि दोन्ही बाजूंना एकाच घाटाच्या दोन आकृती राहतात. दाढीवाल्याने एक हात किंचित उचलला आहे, बहुधा काही सांगण्यासाठी. आत येशूला शिक्षा देणारा रोमन अधिकारी पिलात स्वस्थ बसून आहे, आणि फटका अजून हवेतच आहे.