ब्लॉक मिळायला अकरा दिवस: आण्णांच्या पानथरीच्या कॅन्सरचा आमचा अनुभव

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. बायोप्सी झाली की नुसता रिपोर्ट घेऊन घरी येऊ नका. त्याच दिवशी त्याच खिडकीवर विचारा की ब्लॉक (काढलेला तुकडा मेणात बसवलेली डबी) आणि स्लाइड (त्या तुकड्याचे पातळ काप लावलेल्या काचा) कधी मिळणार, आणि बायोप्सी नंबर लिहून घ्या. आम्हाला हे कुणी सांगितलं नाही, अकरा दिवस गेले, वर्ष होत आलं तरी त्याचा राग माझ्या मनातनं जात नाही.

आण्णा म्हणजे माझे वडील, वय ६७, तासगाव तालुक्यात द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणी चालू होती तेव्हा भाकरी अर्धीच जायला लागली, चार घास झाले की म्हणायचे पोट गच्च झालं, डाव्या बरगडीखाली जड वाटतंय. महिनाभर गॅसच्या गोळ्या झाल्या. मग सोनोग्राफीत प्लीहा १९ सेंटीमीटर निघाली, साधारण १२ च्या आत असते. आमची आजी पानथरी म्हणायची ती हीच. मलेरिया, टायफॉइड, बी आणि सी ची कावीळ, लिव्हर, दुर्बिणीनं अन्ननलिकेच्या शिरा, सगळं बघून झालं. दारू घेता का हे प्रत्येकानं विचारलं, माळकरी माणूस, त्यांना ते फार लागलं. पण आता कळतंय की विचारणं बरोबरच होतं, आपल्याकडं पानथरी वाढायची कारणं बहुतेक वेळा हीच असतात, कॅन्सर त्यात फार मागं.

पुढचा रस्ता दाखवला तो सांगलीतल्या लॅबच्या मॅडमनी. हिमोग्लोबिन ८.९, प्लेटलेट ८४ हजार, लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढलेले, एवढं मशीननं दिलं होतं. त्यांनी रक्ताची काच स्वतः मायक्रोस्कोपखाली बघितली आणि रिपोर्टखाली पेनानं लिहिलं, काही पेशींच्या कडेला केसांसारखे तंतू दिसतात, रक्ताच्या डॉक्टरांना दाखवा. त्या एका ओळीवर आमचं सगळं पुढचं झालं. लॅब स्वस्त कुठली हे बघू नका, काच माणूस बघतो का ते विचारा.

थेट पानथरीत सुई घातली तर रक्तस्रावाचा धोका असतो म्हणून कंबरेच्या हाडातनं बोन मॅरो, म्हणजे हाडातला मगज, तपासायला घेतलं. रिपोर्ट आला की बी पेशींचा लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइटचा कॅन्सर, वाटतोय, नक्की प्रकारासाठी आयएचसी (तुकड्याच्या कापांवर खास रंग देऊन पेशींची ओळख पटवायची तपासणी) करा. इथंच गाडी अडकली. केसांसारखे तंतू दोन-तीन आजारांत दिसतात, हेअरी सेल ल्युकेमिया (रक्ताचा एक कॅन्सर) असेल तर औषध वेगळं आणि पानथरीचा लिम्फोमा असेल तर वेगळं, त्यामुळं नाव कळल्याशिवाय औषध नाही. मुंबईला टाटा कॅन्सर हॉस्पिटलात दाखवायचं ठरलं, तिकडं ब्लॉक लागतो.

जिथं बायोप्सी झाली त्या हॉस्पिटलच्या खिडकीवर गेले. "रिपोर्ट दिलाय की ताई, अजून काय पाहिजे?" ब्लॉक म्हणजे काय हे मलाही धड माहीत नव्हतं आणि त्या माणसालाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले डॉक्टरांची चिठ्ठी आणा. चिठ्ठी आणली तर अर्जावर पेशंटची सही पाहिजे, पेशंट तासगावला, मी पतसंस्थेतनं हाफ डे टाकून एसटीनं गेले, सही घेतली, आधारची झेरॉक्स जोडली, परत आले तर ज्या डॉक्टरांनी मंजुरी द्यायची ते रजेवर. मधे रविवार. आठव्या दिवशी एक पाकीट हातात दिलं, मी आनंदानं घरी फोन केला की मिळालं. रात्री उघडून बघितलं तर आत फक्त दोन काचा. मुंबईला फोन लावला, तिकडनं सांगितलं की नुसत्या रंगवलेल्या स्लाइड चालत नाहीत, नवीन तपासण्यांसाठी ब्लॉकमधनंच पातळ काप काढावे लागतात. त्या रात्री मला झोप लागली नाही. घरात आण्णांचा चेहरा रोज पांढरा पडत चाललाय आणि त्यांचा तुकडा कुठंतरी ड्रॉवरमधे पडून आहे.

अकराव्या दिवशी मी खिडकीवर आवाज चढवला, आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. मग एक टेक्निशियन दादा बाहेर आले, नंबर विचारला, आत गेले आणि पाच मिनिटांत घेऊन आले. पाच मिनिटांत! प्लॅस्टिकची चपटी डबी, काडेपेटीपेक्षा लहान, कडेला पेन्सिलनं नंबर, त्यात पांढरं मेण आणि मेणात काडीएवढा हाडाचा तुकडा. हातात घेतल्यावर डोळ्यात पाणी आलं माझ्या. त्यांनीच सांगितलं, उन्हात ठेवू नका, मेण वितळतं. अर्ज देताना दोन प्रती करा आणि एकीवर पोच म्हणून शिक्का घ्या, मी तोंडी बोलत राहिले म्हणून तारखेचा पुरावाच नव्हता.

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री मुंबईला निघालो, ब्लॉक छोट्या डब्यात कापसात गुंडाळून पर्समधे, पर्स उशाला. तिथलं सगळं सुरळीत झालं. निदान स्प्लेनिक मार्जिनल झोन लिम्फोमा, म्हणजे तो पानथरीचा लिम्फोमाच. पेशींच्या ओळखखुणांत सीडी२० पॉझिटिव्ह, सीडी१०३ आणि ॲनेक्सिन निगेटिव्ह, म्हणजे हेअरी सेल नाही. डॉक्टर म्हणाले हा हळू चालणारा आजार, त्रास नसेल तर काही जणांना नुसतं लक्ष ठेवून बघतात, पण आण्णांचं रक्त उतरत होतं म्हणून उपचार लागणार. सी ची कावीळ असती तर आधी तिचं औषध दिलं असतं, त्यानंही कधीकधी हा लिम्फोमा कमी होतो. ऑपरेशननं पानथरी काढायची किंवा रिटुक्सिमॅब हे शिरेतनं द्यायचं औषध, असे दोन रस्ते होते. आम्ही रिटुक्सिमॅब घेतलं, आठवड्याला एक असे चार डोस, इकडं सांगलीतच. पहिल्या डोसला हुडहुडी भरली, सिस्टरनी सलाइन थांबवून हळू सोडलं, दिवस गेला त्यात. घाबरू नका, पण पहिल्या दिवशी सोबत कुणीतरी पाहिजेच. आणि बी च्या काविळीची तपासणी झाल्याशिवाय हे औषध घेऊ नका, दबलेली कावीळ उसळू शकते.

ज्यांची पानथरी काढायची ठरली आहे त्यांनी न्यूमोनिया आणि मेंदूज्वराच्या लशी ऑपरेशनच्या निदान दोन आठवडे आधी घ्या, आणि नंतर कधीही ताप आला तर तो अंगावर न काढता सरळ हॉस्पिटल गाठा.

आता सोनोग्राफीत आण्णांची पानथरी १३ सेंटीमीटर आहे, हिमोग्लोबिन ११.८. दर तीन महिन्यांनी दाखवायचं, परत येऊ शकतो हे सांगितलंय. आण्णा यंदाच्या छाटणीला बागेत उभे होते आणि दुपारी पूर्ण भाकरी खाल्ली, भावानं मला फोटो पाठवला.

अजून एक राहिलं. फ्लो सायटोमेट्रीसाठी (रक्तातल्या पेशींचा प्रकार मशीनवर ओळखायची तपासणी) रक्ताची ट्यूब बाहेरगावी पाठवणार असाल तर ती फ्रिजमधे ठेवू नका, बर्फही लावू नका, त्याच दिवशी रवाना करा. आमची पहिली ट्यूब अशीच वाया गेली होती, आण्णांना परत सुई टोचावी लागली.